शिवलेली सावली

माझे सासरे शिंपी. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून डोळे थकले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. खरं म्हणजे आम्हीच त्यांना ओढून आणलं. आल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "चार दिवस राहतो आणि जातो." मला भयंकर राग यायचा, कारण मला ते फार आवडतात आणि तिकडे त्यांना चहा विचारायलाही कुणी नव्हतं.

मग एके दिवशी त्यांनी इमारतीमागच्या खडीत बिया टाकल्या. दुकान बंद करताना एका जुन्या गिऱ्हाइकाने दिलेली पुडी होती ती, वर नाव ना गाव. जिथे गवत उगवायचं नाव घेत नाही, तिथे बारा रोपं तरारली. आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी, बस्स. बाबा सकाळ-संध्याकाळ तिथेच, आणि जाण्याची भाषा आपोआप बंद झाली.

तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी घोळ घातला. माणूस वाईट नाही, पण शिंक आली तरी नियम बघून शिंकेल. पाणीटंचाईमुळे आवारात फक्त कमी पाण्यावर जगणारी झाडं ठेवायची, असा ठराव झालेला.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं. बाबांना सांगता येईना. "रविवारी अकरापर्यंत नाव कळलं तर ठीक, नाहीतर उपटावं लागेल."

"मग मीही निघतो," बाबा म्हणाले. सेक्रेटरींना नाही, मला.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी त्यांच्याकडे धावले. त्या म्हणाल्या, "फूल बघितल्याशिवाय मी नाव घेणार नाही." आता फूल आणू कुठून? कळ्या ढीगभर होत्या, पण पंधरा दिवस झाले तरी एक उमलेल तर शपथ! बाबांनी लाड करण्यात काही कमी ठेवलं नव्हतं. कळ्या दिसल्या त्याच दिवशी त्यांनी जुन्या पडद्याचा मांडव शिवला होता, ऊन लागू नये म्हणून. दुहेरी शिलाई, आतून अस्तर, चारही कोपऱ्यांना नाड्या. एवढं काम त्यांनी माझ्या ब्लाउजवरही कधी केलं नाही.

रविवारी दहाला बाई खाली आल्या आणि मांडवाखाली वाकल्या. त्यांनी पान उलटलं. वरून गर्द हिरवं, खालून पांढरं, लव असलेलं. देठ मोडला तर दुधासारखा चीक आला.

"सूर्यफुलाच्या कुळातलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "हा मांडव कुणी घातला?"

"मी," बाबा ताठ होत म्हणाले. "अस्तरासकट."

बाईंनी हसू दाबलं. "काका, मला वाटतंय तेच हे असेल, तर याचं फूल फक्त उन्हात उघडतं. तुम्ही त्याला भरदुपारी रात्र शिवून दिलीत!"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. मी मात्र नाड्यांवर तुटून पडले. गाठी सुटेनात तशी ओढायलाच लागले.

"फाडशील गं!" बाबा ओरडले आणि त्यांनीच पुढे होऊन एकेक नाडी सोडली.

ऊन पडलं. आम्ही तिघं कळ्यांकडे टक लावून उभे. साडेदहा झाले, ढिम्म काही हलेना. अकराला पाच कमी असताना सेक्रेटरी खुरपं घेऊन हजर.

"थांबा हो जरा!" मी त्यांच्यावर खेकसले, आणि तेवढ्यात कडेच्या कळीची एक पाकळी बाहेर पडली. मग दुसरी, तिसरी. बघता बघता नारिंगी फूल पसरलं, प्रत्येक पाकळीच्या मुळाशी काळा डाग आणि त्यात पांढरा ठिपका.

"गझानिया!" बाई चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. "आणि हे एक फूल नाही बरं का, शेकडो चिमुकली फुलं दाटीवाटीने बसलीत. पाणी म्हणाल, तर जितकं कमी तितकं खूश!"

सेक्रेटरींनी खिशातली यादी काढून नाव लिहिलं. खुरपं बाजूला ठेवून जे उकिडवे बसले, ते नऊ फुलं उमलेपर्यंत उठलेच नाहीत.

बाबा कमरेवर हात ठेवून भोवतालची जागा न्याहाळत होते. "इथे आता दाटी होईल," ते सेक्रेटरींना म्हणाले. "पुढच्या वर्षी त्या भिंतीकडेही लावू आपण."

पुढच्या वर्षी! मी पटकन खाली बसून खडी सारखी करायला लागले. सेक्रेटरींसमोर रडायचं म्हणजे अतीच झालं असतं.