झाकलेलं पातेलं

थोरली सून या घरात आली तेव्हापासून सासूबाईंची एकच तक्रार होती. ही बया मूग गिळून बसते. विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’, आणि नाही विचारलं तर तेवढंही नाही. ‘भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो,’ असं त्या शेजारणींना सांगत. आज मात्र त्या मुक्या तोंडाकडेच सासूबाईंचे डोळे लागले होते.

शिवणकारखान्यातल्या सगळ्या कामगारांचं आजचं संध्याकाळचं जेवण या घरातून जायचं होतं. मुकादमाने आधीच सांगून ठेवलं होतं, की खर्च कमी हवा आणि पोट भरायला हवं. पसंत पडलं तर रोजचं काम तुमचं. चूल एकच आणि जेवणारे ढीगभर, म्हणून वाटाणे, बटाटे, गाजरं आणि टोमॅटो घालून दोन पातेली रस्सा सासूबाईंनी आदल्या दिवशीच शिजवला. आज नुसता गरम करायचा आणि पावांच्या टोपल्यांबरोबर धाडायचा. निवेपर्यंत झाकण घालायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून त्या झोपायला गेल्या होत्या. सकाळी येऊन पाहतात तो मोठ्या पातेल्यावर गच्च झाकण, आणि त्यावर चक्क इस्त्री.

‘हे कुणाचं शहाणपण?’

‘मांजर फिरत होतं,’ सासरे म्हणाले. ‘म्हटलं, तुझ्या रश्श्यात पोहायला नको.’

‘मांजर खाऊन खाऊन किती खाणार होतं? तुम्ही अख्खं पातेलं खाल्लंत!’

तेवढं बोलून सासूबाईंनी झाकण उचललं आणि खाली वाकून लांब श्वास घेतला. घरच्यांना वाटलं, पारख चालली आहे. पण त्यांच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. गेल्या तापात वास जो गेला तो परत फिरकलाच नव्हता, आणि हे त्यांनी कुणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्या गल्लीला मीठमसाला शिकवणाऱ्या बाईने हे सांगायचं कुणाला? गरम रस्सा झाकून ठेवला की कधी टिकतो, कधी नासतो. टिकला की नासला, हे नाक सांगतं. जिभेला आंबट लागलं. पण टोमॅटो काय गोड असतो?

दुपार कलायला लागली तशी दोन्ही पातेली उकळली. मोठ्यावर फेस आला. वाटाण्याला फेस येतोच, असं सासूबाईंनी मनाला समजावलं. सून मोरीपाशी एकच घमेलं घासत होती. कधीचं लखलखीत झालं होतं ते, तरी हात थांबत नव्हता.

‘काय गं, जमलंय ना?’ त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सुनेचा हात थबकला. ‘तुम्ही म्हणाल तसं.’

सासूबाईंनी पळीने रस्सा उगाच पुन्हा ढवळला. आणखी विचारावं तर बिंग फुटणार. न विचारावं तर? एकाला जरी उलट्या सुरू झाल्या तर या घरच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. आणि त्या पोरी-बायका! दिवसभर मशीनवर पाठ मोडून घेणाऱ्या, आज आयतं जेवायला मिळणार म्हणून खूश असतील.

दाराशी टेम्पो थांबला. मुकादम विडी विझवत आत आला. ‘काय आजी, झालं का झकास?’

‘आमच्याकडे झकासच होतं,’ सासूबाई म्हणाल्या. शब्द तोंडातून सुटला, तो परत घेता येईना.

मुकादमाच्या माणसांनी धाकटं पातेलं बाहेर नेलं. मग मोठ्याचे कान फडक्याने धरले.

‘उचलू नका!’

कोण ओरडलं, हे कळायलाच क्षण गेला. सून घमेलं टाकून मध्ये येऊन उभी होती. ‘ते नासलंय. वास येतोय त्याला.’

‘असं कसं?’ मुकादमाच्या कपाळावर आठी. ‘आजी तर आत्ता झकास म्हणाल्या. खरं कुणाचं धरायचं?’

सासरे घाईने म्हणाले, ‘हिचं नाक कधी चुकलेलं नाही बरं का!’

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. ‘टोमॅटोचा वास आहे’, एवढं म्हटलं की सुटका होती. सून पातेल्यासमोरून हलली नाही.

‘तिचं धरायचं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला वासच येत नाही. ओता ते मोरीत. आणि अहो मांजरवाले, बसा बटाटे सोलायला! धाकटं पातेलं परत आत आणा, बटाटे उकडून त्यातच घालू आणि रस्सा वाढवू. मुकादम, जेवण उशिरा येईल, पण येईल.’

मुकादमाने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि पातेलं आणायला माणसं पाठवली.

सून वाकून बटाटे धुऊ लागली. सासूबाई तिच्याशेजारी टेकल्या.

‘माझ्या नाकाचं तुला ठाऊक होतं?’

‘तापानंतर दूध करपलं तरी तुम्ही शेजारी बसून होतात.’

‘आणि हा रस्सा?’

‘सकाळीच कळलं. पण तुम्ही लपवत होतात. मी कशी बोलणार, आई?’

सासूबाईंनी तिच्या हातातला बटाटा काढून घेतला आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

‘ऐक. लाज माझी होती, पोटं लोकांची होती. माझी लाज झाकायला तू त्यांच्या पोटांवर झाकण ठेवायला निघाली होतीस. ओरडलीस म्हणून वाचलो, पण सकाळपासून गप्प बसलीस ते मी विसरणार नाही. आजपासून या चुलीवरचं काहीही तू ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही. आणि पुन्हा ‘तुम्ही म्हणाल तसं’ ऐकू आलं, तर ही पळी आहे आणि तुझी पाठ आहे.’