विहिणीपेक्षा चांगलं पुस्तक

“डाव्या कुशीवर झोपतेस ना गं?” मशीनवरचा फ्रॉक तसाच ठेवून टेलरकाकूंनी फोनवर विचारलं.

“हो आई. सासूबाईंनी पुस्तकातून वाचून दाखवलंय. रोज जेवण झालं की एक प्रकरण असतं आमचं.”

आमचं! तो शब्द काकूंना बोटात सुई घुसावी तसा लागला. पुढे लेक काय काय बोलत राहिली, त्यातलं निम्मं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

काकू लग्नापासूनच दुसऱ्यांचे कपडे शिवत. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याच कमाईवर त्यांनी या एकुलत्या एका लेकीला वाढवलं होतं. आणि आता ऐन वेळी तिला वाचून दाखवायला कोण, तर विहीण! विहीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. बाई कजाग असती तर काकूंचं निम्मं काम सोपं झालं असतं. पण ती बोलायला गोड, निघताना फाटकापर्यंत पोचवायला येणारी. अशा बाईवर जळायचं म्हणजे चोरूनच जळावं लागतं. काकू जळत होत्या, आणि अगदी मनापासून जळत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या.

“गरोदर बाईसाठी पुस्तक हवंय,” त्यांनी गल्ल्यावरच्या बाईला सांगितलं. “चांगलं पाहिजे. विहिणीनं आणलंय त्यापेक्षा चांगलं.”

बाई हसली. “त्यांनी कुठलं आणलंय?”

“जाडजूड आहे. कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांचं. हे करू नका, ते करू नका, असं पानापानावर लिहिलंय म्हणे.”

बाईने तीन पुस्तकं समोर मांडली. पहिल्यात गुळगुळीत कागदावर गोऱ्यागोमट्या बाळांचे नुसते फोटो होते. “हे बाळ जन्मल्यावर बघायला ठीक,” काकू म्हणाल्या. दुसरं उघडलं तर भलभलत्या आजारांची नावं. “हे वाचून माझी पोरगी रात्रभर जागी राहील.” तिसरं साधं होतं. बायकांनी खरोखर विचारावेत असे प्रश्न आणि खाली उत्तरं. कशाला घाबरायचं नाही आणि कधी मात्र तडक दवाखाना गाठायचा, हे वेगळ्या पानावर ठळक छापलेलं. होणाऱ्या बापासाठीसुद्धा एक प्रकरण होतं.

“एका सुईणीनं आणि डॉक्टरीणबाईनं मिळून लिहिलंय,” दुकानातली बाई म्हणाली. “गेल्याच वर्षी नव्यानं तपासून छापलंय. मीसुद्धा बहिणीला हेच दिलं.”

“बांधा,” काकू म्हणाल्या. त्यांची छाती आत्ताच दोन इंच फुगली होती.

रविवारी त्या लेकीच्या घरी गेल्या. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला, पुस्तक इथून तिथून चाळलं. काकू श्वास रोखून बघत होत्या. विहिणीने एक तरी खोट काढावी, म्हणजे दोन शब्द सुनावता येतील!

“फार छान निवडलंत हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आमच्या पुस्तकात नुसता धाक आहे. आजपासून हेच वाचायचं.”

काकू जिंकल्या. पण लगेच मास्तरीणबाईंनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवातही केली. लेक सवयीने सोफ्यावर त्यांच्या खांद्याला टेकली. समोरच्या खुर्चीत काकू पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. स्वतः निवडून आणलेलं पुस्तक डोळ्यांदेखत पलीकडच्या पक्षाला जाऊन मिळालं होतं. वर बाईंचा आवाज असा, की ऐकत राहावं. त्याचा तर जास्तच राग आला.

एका ठिकाणी लेक म्हणाली, “हे नको ना. पोट पडण्याबद्दल आहे. पुढचं वाचा.”

“थोडंच आहे. एकदा माहीत असावं,” म्हणत मास्तरीणबाईंनी वाचलं, “‘पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला, तर बहुतेक वेळा त्याच्या वाढीतच मुळात दोष असतो. रोजचं कामकाज केल्यामुळे, जिने चढल्यामुळे तो पडत नाही. आईने काही केलं म्हणून हे झालं, असं नाही.’”

“काय म्हणालात?” काकूंनी विचारलं.

या लेकीच्या आधी एक होतं. त्या दिवसांत कामाचा ढीग पडला होता आणि काकू सकाळपासून अंधार पडेपर्यंत मशीनचं पायडल मारत होत्या. ‘तुझ्या मशीननं खाल्लं माझं नातवंड,’ सासू म्हणाली होती. काकूंना ते खरं वाटलं. पोट भरण्यासाठी पुन्हा त्याच मशीनवर बसावं लागलं, पण त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. लेकीलाही नाही.

“ते पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग तेवढीच ओळ पुन्हा वाचली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. या वेळी त्या सुनेला वाचून दाखवत नव्हत्या.

काकूंच्या मनात पुन्हा हेवा दाटून आला, पण आता तो विहिणीचा नव्हता, पोटच्या पोरीचा होता. तिला कुणी बोल लावायच्या आधीच तिच्याजवळ बसून कुणीतरी हे वाचत होतं. आपल्याजवळ कोण बसलं होतं?

“आई, काय झालं गं?”

“काही नाही. तुझ्या सासूबाई वाचतात छान.”

“तू जरा चहा टाक बघू,” मास्तरीणबाई सुनेला म्हणाल्या. ती स्वयंपाकघरात गेली, तसं त्यांनी हळूच विचारलं, “कितवा महिना होता?”

“तिसरा.”

मास्तरीणबाईंनी मान हलवली. पदराने चष्मा पुसला आणि सोफ्यावर थोड्या सरकून बसल्या. काकू घुटमळल्या, मग उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

लेक चहा घेऊन आली, तेव्हा तिच्या जागेवर आई बसली होती आणि सासूबाई तिला ते पान पहिल्यापासून वाचून दाखवत होत्या. तिने आवाज न करता कप ठेवले आणि समोरच्या खुर्चीत टेकली.