हिरवं टोपण

लेकीनं दंडावर रबरी पट्टा आवळला, तशी बाबांनी सवयीनं मूठ वळली.

"खांदा सैल सोडा. पहिल्यांदा आल्यासारखं काय करताय?"

"तूच नीट बघ. मागच्या वेळी भोसकलंस."

"काहीतरीच!"

गेली दोन वर्षं गुरुवार असाच उजाडायचा. तिच्या संशोधनाला ताज्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी लागत, त्याही एकाच माणसाच्या. बाबांनी शिवणयंत्र विकल्यापासून त्यांच्या आठवड्यात गुरुवार सोडून दुसरा वारच उरला नव्हता. घरी ती यायची ती झोपायला. इथे प्रयोगशाळेत मात्र त्यांचा हात हातात घेऊन बसायची.

आज शेवटचा नमुना. महिनाअखेरीस ती दुसऱ्या गावी नोकरीला जाणार होती. सकाळपासून दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

"मग, कळलं का शेवटी, माझ्या पेशींनी काय घातलंय ते?"

सुई शिरली. बाबांनी नेहमीसारखं छताकडे पाहिलं.

"प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची झालर असते, सांगितलंय ना? टी पेशींची वेगळी, बी पेशींची वेगळी. जंतू गिळणाऱ्यांची तर तिसरीच. आणि जन्म सगळ्यांचा हाडाच्या मज्जेतच."

"म्हणजे कापडाचा तागा एकच, शिलाई ज्याची त्याची," बाबा म्हणाले. "बरोबरच आहे. जिथे जायचं, तिथलं अंगाला बसायला हवं."

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. नाक जोरात ओढून तिनं स्टँडमधली नळी चाचपडत उचलली आणि सुईच्या मागे बसवली.

बाबांची नजर टोपणावर गेली. लाल. दर वेळी असायचं हिरवं. रक्त गोठू न देणारं औषध त्याच नळीत असतं, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं. बाबांनी तोंड उघडलं. मग मिटलं आणि ते पुन्हा छताकडे पाहू लागले.

नळी घेऊन ती आत गेली, ती थोड्या वेळानं कपाळाला हात लावूनच बाहेर आली.

"बाबा, घोळ झाला. रक्त गोठलं सगळं. चुकीच्या नळीत घेतलं मी. नवशिकी पोरगीसुद्धा असं करणार नाही! आमच्या मार्गदर्शक बाई सोलून काढतील मला."

"घे की दुसरं. हात काय, इथेच आहे."

"आठवड्यातून एकदाच घ्यायचं, नियम आहे इथला. आता पुढच्या गुरुवारी परत यावं लागेल तुम्हाला."

"येईन. मला कुठे राज्यकारभार बघायचाय?" बाबा उठले. दाराशी जाऊन वळले. "पण तेव्हा लाल नको, हिरव्या टोपणाची घे हो."

ती बघतच राहिली. आजच्या टोपणाचा रंग तिनं सांगितलाच नव्हता.

"बाबा! तुम्ही पाहिलं होतंत?"

"छे गं. दिसतंय कुठे मला आताशा," म्हणत त्यांनी बाहीचं बारीक बटण न बघता, पहिल्याच फटक्यात लावलं.

"लबाड," ती म्हणाली. मग अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून त्यांना सोडायला पार फाटकापर्यंत गेली.