न विरघळलेली खपली

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या साहेबांनो, क्षार बसू न देणारं औषध तुम्ही बंद केलंत आणि त्या जागी दर्याबाबाचं मंतरलेलं पाणी ओतलंत. गावाला पाणी पाजणारे तुम्ही, गावाच्या डोळ्यांत धूळ फेकणारेही तुम्हीच.

त्या सकाळी कारखान्याच्या आवारात अख्खी वस्ती लोटली होती. दर्याबाबा ओट्यावर उभा, हातात क्षाराने पांढरा पडलेला तांब्याच्या नळीचा तुकडा. दर्या रुसला की नळीत दगड होऊन बसतो, असं गुळगुळीत आवाजात सांगून त्याने बाटली कलती केली. फस्सकन फेस आला, खालचं तांबं लखलखलं. बायकांनी हात जोडले. त्यांत कारखान्यातल्या केमिस्टबाईंच्या सासूबाईही होत्या.

बाईंनी मात्र हात जोडले नाहीत. त्यांचा नवरा इथेच फिटर. नळ्या तुंबल्या म्हणून आज त्याला पाणी तापवायच्या लोखंडी टाकीत शिरून खपल्या खरवडायच्या होत्या. माणूस जेमतेम सरपटेल एवढं भोक, आणि आत येणारं कढत पाणी अडवायला एकच झडप. तिच्यावरही खपली धरलेली. ती पुरती मिटत नव्हती. बाईंनी साहेबांना हे सांगून पाहिलं. बाबांनी पाणी शिंपडलंय, आता घोर नको, एवढंच उत्तर मिळालं. नवऱ्याने नाही म्हणावं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर कारखान्याची खोलीही. इकडे आड, तिकडे विहीर.

बाईंनी टाकीच्या सगळ्यात तापत्या टोकाची खपली बाबापुढे धरली. "साहेब निवडून देतात ते तुकडे पुरे झाले. हिच्यावर ओता."

बाबाने ओतलं. फेस नाही, बुडबुडा नाही. ही खपली पापाची आहे, तो पुटपुटला.

"खपलीने कुणाचं काय घोडं मारलं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मग बाईंनी प्रयोगशाळेतलं पातळ ॲसिड बाबाच्याच तुकड्याच्या उरलेल्या पांढऱ्या टोकावर टाकलं. तस्साच फेस, तोही मंत्राविना. कमी तापणाऱ्या नळीत चुन्याचा थर बसतो, तो ॲसिडने फसफसून जातो. जास्त तापल्या जागी बसतो जिप्समचा, त्याला ॲसिड ढिम्म हलवत नाही. बंद केलेलं औषध चिमूटभर लागायचं, पण दोन्ही थर धरूच देत नव्हतं.

"आई, बाटलीत ॲसिड आहे, देव नाही," बाई म्हणाल्या. "आधी पारखून घ्यावं, मग हात जोडावेत."

सासूबाईंचे हात सुटले. बाबा फाटकाकडे सरकू लागला. साहेबांनी मात्र काही घडलंच नाही अशा थाटात फिटरला खूण केली. तो मान खाली घालून टाकीकडे निघाला. त्याच्या आधी म्हातारी पोचली आणि भोकाला पाठ लावून उभी राहिली.

"साहेब, माझं पोर आत असताना ही झडप गळणार नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगा. बाबाचं नाव मध्ये नको. गळेल की नाही?"