नव्या मशीनला सांगू नका

संघाने नवा कॉम्प्युटर घेतला तो चेअरमन नागोजीरावांच्या पुतण्याला नोकरी नव्हती म्हणून. ठरावात अर्थातच असं लिहिलं नव्हतं. ठरावात ‘आधुनिकीकरण’ होतं, ‘काळाची पावले’ होती, आणि खाली सूचक-अनुमोदक म्हणून अशा दोघांच्या सह्या होत्या ज्यांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पण निपाणीच्या या तंबाखू कामगार संघाचा कारभार पहिल्यापासूनच असा दूरदृष्टीचा. अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्याला मशीन आलं, त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली आणि खोलीच्या दाराबाहेर ‘चपला काढून आत यावे’ अशी पाटी लागली. पाटी जुन्या मशीनच्या वेळचीच होती, फक्त ओल्या फडक्याने पुसून घेतली.

जुनं मशीन चार वर्षांपूर्वीचं. ते चालवायचा सिद्राम. हा भीमनगरातल्या तानीबाईचा एकुलता एक मुलगा. तानीबाईने एक्कावन्न सालापासून वखारीत तंबाखू चाळली, नाकातोंडात धूळ घेतली आणि पोराला बी.कॉम. केलं. सिद्रामने चार वर्षांत वखारींतल्या सहाशे चाळीस बायकांची यादी त्या मशीनवर चढवली होती. बाईचं नाव, गाव, कामाला लागल्याचं साल. त्यासाठी उंदरांनी कुरतडलेली हजेरीबुकं उन्हात वाळवून एकेक पान वाचलं होतं. त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही, आणि ती मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

नवं आलं तेव्हा जुनं मशीन विक्रेत्याने बदल्यात टेम्पोत घालून बेळगावला नेलं. त्याच आठवड्यात सिद्रामचीही बदली झाली, गोडाऊनच्या वजनकाट्यावर. त्याच्या खुर्चीत पुतण्या जोतिबा बसला. जोतिबाने पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता. बोलणं पुण्याचं घेऊन आला होता, बाकीचं ज्ञान वाटेत साताऱ्याला उतरलं असावं.

बसल्या बसल्या जोतिबाने पहिलं काम केलं ते साफसफाईचं. कपाटात सिद्रामच्या फ्लॉप्या होत्या. जुन्या मशीनच्या फ्लॉप्या आता कुणाला हव्यात, असं म्हणून त्याने त्यांतल्या फायली काढून टाकल्या. मोकळ्या फ्लॉपीवर त्याला पत्त्यांचा खेळ ठेवायचा होता, खेळ तेवढा अजून मिळायचा होता. सहाशे चाळीस बायका अशा एका दुपारी, चहा यायच्या आत, नाहीशा झाल्या.

आठ दिवसांनी बेळगावहून सरकारी पत्र आलं. वखारीत सगळ्यांत जास्त वर्षं काम केलेल्या एकशेवीस बायकांना घरासाठी जागा मिळणार होती. अधिकारी सोमवारी येणार होते, आणि यादी तयार पाहिजे होती. नागोजीरावांनी यादी मागितली. जोतिबाने कुठली यादी, असं विचारलं. कागदावर छापलेली एक प्रत चेअरमनसाहेबांनी मागेच अभ्यासाला म्हणून घरी नेली होती. तिला म्हणे वाळवी लागली. निपाणीत घरं पुष्कळ, पण वाळवीने सरकारी कागद तेवढे ओळखून खाल्ले ते या एकाच घरात.

नागोजीराव मुळीच घाबरले नाहीत. सगळ्या बायका मला तोंडपाठ आहेत, आठवून आठवून नवी यादी करू, असं त्यांनी जाहीर केलं आणि लगेच आठवायला बसले. त्यांना पहिली आठवली ती त्यांची मेहुणी. या बाईने आयुष्यात तंबाखू पाहिली असेल तर ती नवऱ्याच्या चंचीत. दुसरी ड्रायव्हरची बायको आठवली. साठ नावं झाली तरी त्यांत वखारीची पायरी चढलेली बाई एक नव्हती.

ही बातमी शिपाई भावकूने गुरुवारी काट्यावर नेली. तानीबाईची सदतीस वर्षं त्या यादीत होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणाऱ्या भाड्याच्या खोलीत ती आजवर राहिली होती, आणि आपली भिंत असावी एवढंच तिचं मागणं होतं. सिद्राम काटा तसाच सोडून ऑफिसात गेला.

फ्लॉपीवर अजून काही लिहू नका, एवढं त्याने हात जोडून सांगितलं. मशीन फाईल पुसतं म्हणजे खरं काही पुसत नाही. ते नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि ती जागा रिकामी आहे असं समजून चालतं. दुसरं कुणी तिथे येऊन बसेपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. हे समजावताना तो ज्या खुर्चीकडे बघत होता त्या खुर्चीत जोतिबा बसलेला होता, पण तो योगायोग.

अशा फायली परत आणणारा एक प्रोग्राम सिद्रामजवळ होता, पिवळ्या चिठ्ठीच्या फ्लॉपीवर. जुन्या मशीनवर त्याने तो कितीदा वापरला होता. ती फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घातली, आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: सिस्टिमची आवृत्ती चुकीची आहे. पुन्हा दिली, पुन्हा तीच ओळ. प्रोग्राम जुन्या सिस्टिमसाठी केलेला. नवी सिस्टिम दिसली की तो हात लावायला तयार नाही. जोतिबाला फार बरं वाटलं. नव्या मशीनला नवीच हत्यारं लागतात, मुंबईहून मागवू, तीन आठवड्यांत येतील, असं तो म्हणाला. नागोजीरावांनी मोठ्या दुःखाने मान हलवली आणि एकसष्टावं नाव आठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी तानीबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. सिद्रामने तिला सगळं सांगितलं. प्रोग्राम चांगला आहे, मशीन त्याहून चांगलं आहे, पण दोघांचं जमत नाही. मशीन नवं आहे हे कळल्याबरोबर तो रुसतो. तानीबाईने सूप खाली ठेवलं.

“त्येला कसं कळतंय रं, नवं हाय म्हून?”

“विचारतोय गं. सुरू झाल्या झाल्या मशीनला विचारतोय, तू कोण. ते सांगतंय मी नवं.”

“आन् मिशन सकाळी उठतंय तवा पयलं कुणाचं त्वांड बघतंय?”

सिद्राम उठून उभाच राहिला. जुन्या मशीनला स्वतःच्या पोटात काहीच नव्हतं. रोज सकाळी सिस्टिमची फ्लॉपी आधी घालायची, मग बटण दाबायचं, तेव्हा कुठे ते जागं व्हायचं. नवं मशीन स्वतःच्या पोटातली सिस्टिम घेऊन आपणहून उठत होतं, म्हणून हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पण उठताना तेही आधी फ्लॉपीकडे बघत होतंच. चार वर्षं रोज सकाळी जे हाताने केलं ते डोक्यात आलं नाही, आणि वखारीतल्या बाईने एका प्रश्नात काढलं. त्याला लाज वाटली आणि आनंद त्याहून जास्त झाला.

शनिवारी जोतिबा सिनेमाला कोल्हापूरला गेला होता. खोलीची किल्ली भावकूजवळ. मला हिंडलग्याच्या तुरुंगात धाडतोस काय, असं भावकूने दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा कुलूप काढलं. त्याचीही बहीण वखारीत होती. सिद्रामने चपला काढल्या, पिवळ्या चिठ्ठीच्या फ्लॉपीबरोबर त्याच्याजवळच राहिलेली सिस्टिमची जुनी फ्लॉपी घातली आणि मग बटण दाबलं. मशीन जागं झालं आणि स्वतःला जुनं समजू लागलं. पिवळ्या चिठ्ठीचा प्रोग्राम आता मुकाट्याने चालला. पुसलेल्या फाईलचं पहिलं अक्षर त्याने विचारलं, सिद्रामने ते दिलं. पडद्यावर एकेक करत बायका वर येऊ लागल्या, सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस. सिद्रामचे डोळे भरून आले. भावकूला त्याने धूळ गेली म्हणून सांगितलं.

क्रम लावणारा जुना प्रोग्रामही त्याने तसाच चालवला. कामाला लागल्याच्या सालाप्रमाणे यादी लागली. तानीबाई नवव्या नंबरवर होती. तीन प्रती छापल्या. एक संघाच्या आवक बुकात नोंदवून शिक्का घेतला, एक बेळगावला पोस्टाने धाडली, आणि एक वखारीच्या फाटकाला चिकटवली. फाटकासमोर वाचता येणाऱ्या बायका चार, पण संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीस जणींना आपापला नंबर पाठ झाला होता. आता नागोजीरावांची स्मरणशक्ती कितीही तल्लख असली तरी उपयोग नव्हता.

सोमवारी अधिकारी आले. कॉम्प्युटरच्या खोलीत दाटी झाली. पहिल्या नंबरांच्या दहा बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. सिद्राम काट्यावर होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नागोजीरावांनी भाषण केलं. जुन्या मशीनला जे चार वर्षांत जमलं नाही ते नव्या मशीनने आणि आमच्या जोतिबाने चार दिवसांत करून दाखवलं, असं ते म्हणाले. जोतिबा लाजला. लाजणं मात्र त्याला खरोखर जमत होतं.

अधिकारी कन्नड वळणाच्या मराठीत बोलणारे, आणि दुर्दैवाने कामसू निघाले. यादी छान आहे, म्हणाले, आता हीच गाववार लावून दाखवा, इथेच, माझ्यासमोर. जोतिबाने ऐटीत बटण दाबलं. मशीन आपणहून उठलं. त्याने सिद्रामच्या फ्लॉपीवरच्या जुन्याच प्रोग्रामला क्रम लावायची आज्ञा दिली. सिस्टिमची आवृत्ती चुकीची आहे. पुन्हा दिली. झेंडूची वाळकी माळ सरकवून बघितली. पुन्हा तीच ओळ. मग वीज कमी येते, असं जोतिबा म्हणाला. मुंबईहून काही यायचं आहे, असंही म्हणाला. नागोजीराव छताकडे बघू लागले. मशीनमध्ये बिघाड आहे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

उत्तर भिंतीकडून आलं. तानीबाईने पदर सावरला होता आणि ती अगदी आदराने बोलत होती.

“न्हाय सायेब, मिशन लई गुणाचं हाय. फकस्त ते नवं हाय आसं त्येला कुनी सांगू नका. माझा ल्योक सांगत न्हाय, म्हून त्याच्या हातात चालतंय.”

बायका हसल्या. अधिकाऱ्यांनी आधी तानीबाईकडे पाहिलं, मग फाटकावरून आणलेल्या यादीकडे, आणि मग तिचा मुलगा कुठे आहे असं विचारलं. भावकू केव्हाच गोडाऊनकडे धावला होता.

अधिकाऱ्यांनी जोतिबाला खुर्चीवरून उठायला सांगितलं. सिद्राम दाराबाहेर चपला काढत होता.