पड ठेवलेलं रान

जमीन पड ठेवली तर सरकार अनुदान देणार, हे ऐकून म्हातारा आठवडाभर हसत सुटला होता. "पिकवू नका म्हणून पैसे? उद्या जेवू नका म्हणूनही देतील!" पण मग मुलगा आजारात गेला. घरात म्हातारा आणि सून अशी दोघंच उरली, आणि एवढं हसणाऱ्या माणसाने मुकाट्याने सही केली. घर त्या अनुदानावरच चालायचं, दुसरं होतंच काय डोंबलाचं! अट एकच, रानात पेरलेलं काही दिसता कामा नये.

पुढे म्हाताऱ्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. नावं गेली, वाटा गेल्या, आपला मुलगा गेलाय हेही गेलं. त्यातल्या त्यात हे बरंच झालं म्हणायचं. पेरणी तेवढी गेली नाही. दाणा चिमटीत धरून, डोळे मिटून गव्हाचं वाण सांगणारा माणूस तो, त्याच्या हातांना कोण समजावणार? सून धान्याच्या पिंपाला कुलूप लावायची. कोंबड्यांच्या दाण्याचा डबा मात्र तिच्या ध्यानातच आला नाही.

सरकारी तपासनीस आला तेव्हा तिने त्याला रस्त्यावरूनच रान दाखवलं. ओसाड रान बघून तो समाधानाने निघाला, तोच म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला.

"पाहुणे, असे कसे जाता? आमचा गहू तर बघून जा!"

गोठ्यामागे बोटभर उंचीचा गहू उभा होता, हिरवागार, सरळ ओळींत. म्हाताऱ्याची छाती फुगली होती.

तपासनीस माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. तिला बाजूला घेऊन तो म्हणाला, "ताई, हे वर कळवलं तर अनुदान बंद होईल. उद्या सकाळी पुन्हा येतो. तेव्हा इथे काही नसलं, तर मी आज काही पाहिलं नाही."

"नसेल," ती म्हणाली.

त्याची पाठ वळताच ती उकिडवी बसून रोपं उपटायला लागली. म्हातारा जवळ आला. आता हा आकांत मांडणार, असं तिला वाटलं. पण तो गुडघे सावरत तिच्या शेजारी बसला.

"मुळासकट काढ, सूनबाई. तण अर्धवट सोडलं की डोक्यावर बसतं."

आणि स्वतः पेरलेला गहू तो मुठीमुठीने उपटू लागला. तिला रडू आवरेना. तो आपला खुशीत होता.

पट्टी साफ झाली. म्हाताऱ्याने हात झटकले. "झकास! आता बी आण."

"आज नको, बाबा. घरात चला."

"माती सुकली की मग काय पेरायचं, माझं कपाळ? आण म्हणतो ना!"

ऊन उतरलं, गार वारा सुटला, तरी तो जागचा हलेना. शेवटी वैतागून तिने वाटेवरची बारीक खडी ओंजळीत भरली आणि त्याच्या हातात ओतली. त्याने ती फेकून द्यावी, आपल्याला चार शिव्या हासडाव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं.

म्हाताऱ्याने एक खडा चिमटीत धरला आणि डोळे मिटले.

"चांगलं बियाणं आहे," तो म्हणाला, आणि ओळ धरून पेरू लागला.