भिंतीवर टांगलेली उलांडी

मित्रांनो, मी एक उलांडी आहे. जुनी आहे आणि रागावलेली आहे. राग पोटात ठेवावा म्हणतात, पण मला आत-बाहेर असं काही नाहीच. मी जन्मापासून सगळी बाहेरच.

तुमच्यातल्या ज्यांनी समुद्र फक्त सहलीत पाहिला असेल, त्यांना उलांडी म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडची होडी अरुंद असते. नुसती पाण्यात सोडली तर लाटेसरशी उलटेल. म्हणून तिच्या एका अंगाला, थोडं दूर, एक लांब हलकं लाकूड तरंगत ठेवतात आणि दोन आडव्या दांड्यांनी ते होडीला बांधतात. ते लाकूड म्हणजे मी. होडी माझ्याकडे कलली की मी तिला वर उचलते, पलीकडे कलली की माझं ओझं तिला मागे खेचतं. होडीत माणसं बसतात, मासळी येते, जाळं येतं. माझ्या वाट्याला फक्त पाणी. आणि होडी सुखरूप काठाला लागली की लोक काय म्हणतात? होडी चांगली आहे म्हणतात.

आज सकाळपर्यंत मी तोंडवली गावात एका होमस्टेच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलेली होते. माझ्यावर चकचकीत व्हार्निश फासलंय. खाली पितळी अक्षरांत लिहिलं होतं, ‘समतोल’. माझ्यासमोर शहरातली थकलेली माणसं मांडी घालून बसायची आणि विचारायची, आयुष्यात समतोल साधणं खरंच शक्य आहे का? उत्तर देणारा माणूस माझ्याकडे पाठ करून बसायचा. म्हणून म्हटलं, आता उत्तर मीच द्यावं.

माझा जन्म पांगाऱ्याच्या झाडातून झाला. शेजारच्या मथुराबाईच्या कुंपणातला पांगारा गंगाराम नावाच्या रापणकराने, म्हणजे जाळ्याने मासे धरणाऱ्याने, मागून आणला, तासला, वाळवला आणि काजूच्या टरफलांचं तेल पाजून मला काळीभोर केलं. बांधायची वेळ आली तेव्हा सुतारकाम करणारा बाबली म्हणाला, “गंगाराम, दोन खिळे मार नि मोकळो हो.”

गंगाराम सुंभाची दोरी भिजवत होता. “खिळो मारलंय तर ती हलाची कशी? जेका हलूक देत नाय, ता मोडता.”

“तुजी होडी, तू जाण. दरवर्षी बांदीत बस.”

“बांदीत बसान. तेवडा तरी तिच्यासाठी करूक व्हया.”

आणि तो खरंच बांधत बसायचा. दर नारळी पौर्णिमेआधी जुनी दोरी सोडायची, नवी आवळायची. त्या दिवशी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू, हार, नारळ. मला काही नाही. पण गंगारामची बायको हौसाबाई एकदा ताट घेऊन थांबली आणि म्हणाली, “होडयेक सगळा नि ह्या बापडीक कायच नाय? ही आपल्या घरातली सून, भायर रवान घर धरता.” तिने बोटभर कुंकू मला लावलं. पहिल्या लाटेत ते धुऊन गेलं. मला आठवतंय मात्र अजून.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

खोल पाण्यात वारा चढला की शीड फुगतं, होडी पलीकडे झुकते आणि मी पाण्याबाहेर उचलली जाते. मग माझं काही चालत नाही. अशा वेळी होडीतला एक माणूस उठतो, दांड्यावरून चालत बाहेर येतो आणि माझ्यावर बसतो. अंगावर लाटा घेत, दोरीला धरून, ओलाचिंब. गंगाराम दुसऱ्या कोणाला सांगत नसे. जोडीदार महादूला म्हणायचा, “सुकाण धर रे. आता ही एकटी पुरी पडाची नाय.” आणि तो स्वतः यायचा. त्याच्या ओझ्याने मी पुन्हा पाण्यात टेकायचे आणि होडी सरळ व्हायची. वारा पडला की तो आत जायचा.

इतकंच आहे ते. आतल्याने बाहेर यायचं. आमच्या किनाऱ्यावर ही गोष्ट पोरासोरांना माहीत होती.

गंगारामच्या मुलाला, सर्वेशला, मात्र ती कधी माहीत झाली नाही. तो मुंबईत कंपनीत होता. तिथे दमला, रात्रीची झोप उडाली, म्हणून नोकरी सोडून गावी आला. यात वाईट काही नाही. दमलेल्या माणसाने घरी यावं. पण घरी येऊन त्याने काय केलं? बापाच्या घराला खोल्या काढल्या आणि आपल्यासारख्या दमलेल्यांना बोलावून समतोल शिकवायला लागला. सकाळी वाळूवर डोळे मिटून बसायचं, संध्याकाळी खाडीत होडीतून सूर्यास्त बघायचा, मध्ये बोलायचं. बोलायला तो फार छान बोलतो.

या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं? त्याची बायको किशोरी. गंगारामला अर्धांगाचा झटका आला, त्याला उठवणं-बसवणं कोण करत होतं? किशोरी. लेक तन्वीला शाळेत सोडणं, पाहुण्यांच्या चादरी, सोलकढी, घावणे, बांगड्याचं तिखलं, सगळं तिचं. पाहुणे जाताना सर्वेशचा हात हातात घेऊन म्हणायचे, “तुम्ही किती शांत आहात.”

असणार नाही तर काय.

मला काढायचं कारण सांगते. पाहुण्यांना होडीत चढताना माझे दांडे आडवे यायचे. आणि फोटोत मी बरी दिसत नव्हते. गंगाराम पडवीतल्या खाटेवरून ओरडला, “अरे, उलांडी काडून होडी घालतस पाण्यात? माकाच बुडव त्यापेक्षा.”

“बाबा, खाडीतच तर फिरवचा आसा. फोटो बरो येत नाय तिच्यामुळे.”

सुंभ कापलं. सोडलंसुद्धा नाही. मला भिंतीवर चढवलं. व्हार्निश पुढच्या अंगालाच लावलं, कारण मागचं अंग कोणाला दिसणार होतं?

मग किशोरीला ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी लागली. भाकऱ्या भाजता भाजता ती परीक्षेचा अभ्यास करायची, मी वरून बघत होते. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसऱ्याला. तिने हॉलमध्ये माझ्याखालीच नवऱ्याला सांगितलं.

सर्वेश म्हणाला, “आणि हयचा कोण बगतलो? बाबांचा, पावण्यांचा? अगो, घराचो तोल जातलो.”

“तोल तुमी शिकवतास मा लोकांका?”

“ता येगळा.”

“कसा येगळा, ता जरा माकाय शिकवा. फी घेव नकात.”

तो हसला. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. “पुढच्या वर्षी बगूया,” म्हणाला आणि वर्गाच्या तयारीला लागला. किशोरीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. त्या क्षणापासून मला एकच इच्छा उरली. या माणसाची होडी उलटावी.

शनिवारच्या वर्गात अनुजा नावाच्या एका पाहुणीने विचारलं, “पण सर, घर, काम, स्वतः, सगळ्यांना सारखा वेळ देणं शक्य तरी आहे का?” सर्वेशने डोळे मिटले आणि म्हणाला, “निसर्गाकडे बघा. तो काहीच धरून ठेवत नाही.” त्याच वेळी किशोरी मागून दहा ग्लासांचा ट्रे धरून चालली होती.

संध्याकाळी तो त्या सगळ्यांना घेऊन खाडीत गेला. मी भिंतीवर, पण समोरची खिडकी उघडी होती आणि खाडी अंगणालाच लागून. सूर्य बुडायला आला. कोणीतरी म्हणालं, इकडून फोटो छान येतो. सगळे एका बाजूला सरकले. होडी कलली. तिने सवयीने माझ्याकडे भार टाकला असणार. मी तिथे नव्हते.

उलटली. सगळी माणसं, सगळे मोबाइल आणि समतोल शिकवणारा, सगळे पाण्यात.

पाणी छातीएवढंच होतं, कोणी बुडलं नाही. ते बरंच झालं, कारण पाहुण्यांशी माझं भांडण नव्हतं. पण मित्रांनो, मला आनंद झाला नाही असं मी खोटं सांगणार नाही. पडवीतून गंगारामचा आवाज आला, “आता फोटो बरो इलो आसतलो.”

किशोरी धावत पाण्यात शिरली, एकेकाला हात देत काठावर आणलं. शेवटी नवऱ्याला. तो चिखलात बसून खोकत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, पदरातून पाणी गळत होतं, आणि हळू आवाजात म्हणाली, “इतकी वर्सां मी भायर रवान तुमची होडी सरळ धरलंय. आता वारो सुटलो आसा. तुमी भायर येवा. माज्यान एकटीन जमाचा नाय.”

सोमवारच्या पहिल्या एसटीने ती तन्वीला घेऊन ओरोसला गेली.

त्यानंतरचा आठवडा मी मन भरून पाहिला. सर्वेशचं घावणं तव्यालाच चिकटायचं. गंगारामची चादर बदलताना तो तोंड फिरवायचा आणि म्हातारा मुद्दाम म्हणायचा, “डोळे मीट. तुका येता मा ता.” पाहुणे आले, मीठ नसलेली आमटी जेवले, गेले. त्याला कोणी शांत म्हटलं नाही.

शनिवारी किशोरी आली. पडवीत खुर्चीवर बसली. सर्वेशला वाटलं, आता उठेल, चुलीकडे जाईल. ती म्हणाली, “मी आज पावणी. चाय करा.” त्याने चहा केला. गोडमिट्ट झाला होता. तिने पूर्ण प्यायला आणि रविवारी परत ओरोसला गेली.

आज सकाळी त्याने मला भिंतीवरून उतरवलं. होडीला पुन्हा लावणार आहे. हातात पाना होता, खिशात लोखंडी बोल्ट. गंगाराम खाटेवरून म्हणाला, “बोल्ट नको. सुंभ आण.”

“बाबा, सुंभ दरवर्षी बदलूचा लागता.”

“मगे बदल. बायलेकय बोल्टच मारल्लंस. खंय आसा ती?”

सर्वेश बोल्ट पायरीवर ठेवून दुकानाकडे गेला. सुंभ आणायला गेला की आणखी कशाला, अजून कळलेलं नाही.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू तुम्हाला हात जोडून म्हणते, मला जपा, माझी काळजी घ्या. मी म्हणणार नाही. कुंकू नको, व्हार्निश नको, पितळी अक्षरं तर नकोतच. तुमच्या घरात कोण बाहेर राहून होडी धरतंय, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. समतोल शक्य आहे का, हे तिला विचारू नका. तुम्ही ओले व्हायला तयार आहात का, ते स्वतःला विचारा.

माझ्या मागच्या अंगाला, जिथे व्हार्निश लागलं नाही, तिथे किडीने भोक पाडलंय. ते अजून कोणी पाहिलेलं नाही. ज्याला मला उलटी करून बघायची बुद्धी होईल, त्याला दिसेल आणि त्याने बुजवलं तर मी अजून तरंगेन. नाही बघितलं तर मी पाणी पिईन, जड होईन आणि होडीला माझ्या बाजूने खाली नेईन.

मला घाई नाही. एकदा वारा चढू दे. आतला माणूस उठून बाहेर येतो की नाही, तेवढं मला बघायचंय.